अस्थींचा खजिना आणि कॅल्शियमची गोळी

साठी उलटलेल्या एखाद्या गृहिणीचा न्हाणीघरात पाय निसटावा, तोल सावरण्यासाठी तिने हात टेकावा आणि तेवढ्याशा आघाताने मनगटाचे हाड मोडावे, ही घटना मराठी घरांना आता अपरिचित राहिलेली नाही. प्लॅस्टर घातले जाते, मागाहून हाडांची घनता मोजण्याची तपासणी होते, आणि अस्थिसुषिरता, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात तो हाडे विरळ व ठिसूळ करणारा विकार, जडला असल्याचे निदान हाती पडते. तेव्हा घरची मंडळी ज्या प्रश्नाने बुचकळ्यात पडतात तो असा की, ही बाई गेली कित्येक वर्षे कॅल्शियमची गोळी नेमाने घेत असताना तिचे हाड मुळात मोडलेच कसे? त्यातच शेजारची, गोळीचे तोंडही न पाहिलेली ऐंशी वर्षांची आजी ताठ कण्याने देवळात जाताना दिसली, म्हणजे ‘या गोळ्यांत काही अर्थ नाही’ असा निकाल देऊन सर्वजण मोकळे होतात.

हा निकाल घाईचा आहे. आणि ‘गोळी घेतली की हाड भरते’ ही समजूतही तितकीच घाईची आहे. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या शरीरातील एक विशिष्ट तूट भरून काढतात. ती तूट असेल तेथे त्यांचा उपयोग निर्विवाद आहे, नसेल तेथे तो नाममात्र आहे, आणि अस्थिसुषिरतेचे मूळ पुष्कळदा या तुटीखेरीज अन्य ठिकाणी असते. हे नीट उमगण्यासाठी हाड घडते कसे, येथूनच आरंभ करावा लागेल.

## मोडतोड आणि बांधणी

शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेला सांगाडा पाहिल्यामुळे हाड ही एक निर्जीव, एकदा घडली की कायमची तशीच राहणारी वस्तू आहे असा आपला ग्रह झालेला असतो. वस्तुतः जिवंत हाड हा रक्तवाहिन्यांनी व्यापलेला आणि निरंतर बदलणारा अवयव आहे. त्याचे मुख्य घटक दोन : कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे, आणि त्या जाळ्यात बसलेले कॅल्शियम व फॉस्फेट यांचे सूक्ष्म स्फटिक. तंतूंमुळे हाडाला ताण सोसण्याची शक्ती येते, स्फटिकांमुळे कणखरपणा येतो. आणि दोहोंपैकी एकाचे प्रमाण बिघडले, तरी हाड दुर्बळ होते.

या हाडात दोन जातींच्या पेशी अहोरात्र कार्यमग्न असतात. अस्थिभक्षक पेशी जुन्या, झिजलेल्या हाडाचा अंश विरघळवून तेथे खळगा पाडतात. त्यांच्या मागोमाग येणाऱ्या अस्थिजनक पेशी त्या खळग्यात प्रथम कोलॅजेनचे जाळे विणतात आणि नंतर त्यात खनिज बसवून घेतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी अशा रीतीने नवा होत असतो. तिशीच्या सुमारापर्यंत बांधणी मोडतोडीवर मात करीत असते, पुढे काही काळ दोन्ही बरोबरीने चालतात, आणि नंतर मोडतोडीचे पारडे हळूहळू जड होत जाते.

## खजिन्यावरचा हुकूम

आता कॅल्शियमकडे वळू. प्रौढ शरीरात सुमारे एक किलोग्रॅम कॅल्शियम असते व त्यातील ९९ टक्के हाडांत आणि दातांत साठवलेले असते. उरलेला एक टक्का अत्यल्प वाटला, तरी हृदयाचे आकुंचन, स्नायूंची हालचाल, मज्जातंतूंमधून जाणारे संदेश आणि रक्ताचे गोठणे ही सर्व कामे त्याच्यावर अवलंबून आहेत. म्हणून शरीर रक्तातील कॅल्शियम दर १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम या अरुंद मर्यादेत कटाक्षाने राखते.

हा कारभार एखाद्या जुन्या संस्थानाच्या खजिन्यासारखा चालतो. हाडे हा खजिना, रक्त हा रोजच्या खर्चाचा महाल, आणि आतडे हा जेथून बाहेरचा माल आत येतो तो जकातनाका. महालातील खर्च एक दिवसही थांबवता येत नाही. त्यामुळे नाक्यावरचा वसूल कमी पडला, की खजिन्याचे दार उघडून रक्कम काढण्याचा हुकूम सुटतो. हा हुकूम काढणारा कारभारी म्हणजे गळ्यातील परावटू ग्रंथी. स्वीडनमधील उप्साला येथे वैद्यकाचे शिक्षण घेत असलेल्या इव्हार सँडस्ट्रॉम याने १८८० साली माणसाच्या शरीरातील ज्या ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले, त्या या चार चिमुकल्या ग्रंथी होत. रक्तातील कॅल्शियम किंचित घटले, की त्यांचा स्राव वाढतो, आणि तो एकाच वेळी तीन कामे करतो : हाडातून कॅल्शियम मोकळे करवितो, मूत्रावाटे जाणारे कॅल्शियम मूत्रपिंडाकडून अडवून धरवितो आणि ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देववितो.

या व्यवस्थेचा एक परिणाम व्यवहारात फसवणारा आहे. खजिना रिता होत असतानाही महालातील शिल्लक बरोबर दिसते. म्हणजे हाडे विरळ होत चाललेल्या रुग्णाच्या रक्तातील कॅल्शियम तपासणीत बहुधा अगदी यथास्थित आढळते. ‘रक्तात कॅल्शियम चांगले आहे, म्हणजे हाडे चांगली आहेत’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो.

## नाक्यावरचा परवाना

जकातनाक्यावर माल कितीही येऊन पडला, तरी परवान्यावाचून तो आत जात नाही. आणि हा परवाना म्हणजे ड जीवनसत्त्व. ते पुरेसे असताना आतडे अन्नातील कॅल्शियमपैकी ३० ते ४० टक्के शोषू शकते. त्याची तीव्र उणीव असताना हेच प्रमाण १० ते १५ टक्क्यांवर येते. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ साली कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून आहारदोषाने मुडदूस होतो व कॉड माशाच्या तेलाने तो टळतो असे दाखवले, आणि १९२२ साली अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी त्या तेलातील मुडदूसनाशक घटक अ जीवनसत्त्वाहून निराळा असल्याचे सिद्ध केले. तोच पुढे ड जीवनसत्त्व या नावाने रूढ झाला.

या जीवनसत्त्वाचे वैशिष्ट्य असे की, त्याचा मोठा पुरवठा अन्नातून होत नसून त्वचेत होतो. सूर्याच्या जंबुपार किरणांचा एक विशिष्ट पट्टा त्वचेवर पडला, की तेथील कोलेस्टेरॉलवर्गीय द्रव्याचे ड जीवनसत्त्वात रूपांतर होते. ते यकृतात एकदा व मूत्रपिंडात पुन्हा एकदा पालटून मगच कामाला लागते. तथापि हे किरण काचेतून पार होत नाहीत, सकाळी व संध्याकाळी तिरप्या उन्हात ते वातावरणातच गाळले जातात, धुळीने व धुराने अडतात, आणि सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य त्यांचा बराचसा अंश शोषून घेते. अंगभर वस्त्रे नेसून, घरात किंवा कचेरीत दिवस काढून, कोवळ्या उन्हात घटकाभर बसणाऱ्या माणसाला सूर्यप्रकाशाच्या देशातही हे जीवनसत्त्व का कमी पडते, याचा उलगडा यातून होतो. दिल्लीतील निरोगी दिसणाऱ्या व्यक्तींमध्येही ते मोठ्या प्रमाणावर कमी असल्याचे तेथील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले होते. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते त्या वेळचे ऊन या कामी उपयोगी पडते, हा साधा आडाखा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

## दोन विकार, दोन उपाय

येथे एका महत्त्वाच्या भेदाची फोड केली पाहिजे. कोलॅजेनचे जाळे व्यवस्थित विणले गेले आहे, परंतु त्यात बसवायला खनिजच नाही, अशा अवस्थेला मुलांमध्ये मुडदूस आणि प्रौढांमध्ये अस्थिमार्दव म्हणतात. हाडे मऊ पडतात, मांड्या व कंबर दुखतात, जिना चढणे कठीण होते. ड जीवनसत्त्वाच्या व कॅल्शियमच्या अभावाने झालेला हा विकार तीच द्रव्ये पुरवताच बहुधा उत्तम प्रकारे बरा होतो.

अस्थिसुषिरतेत प्रकार निराळा असतो. तेथे खनिजही कमी होते आणि जाळेही; उरलेले हाड घडणीने ठीक असते, पण त्याचा साठाच घटलेला असतो. बॉस्टनमधील फुलर ऑल्ब्राइट आणि त्यांचे सहकारी यांनी १९४१ साली असे मांडले की, स्त्रियांतील या विकाराचा रजोनिवृत्तीशी निकटचा संबंध आहे. इस्ट्रोजेन हे स्त्रीशरीरातील द्रव्य अस्थिभक्षक पेशींना आवर घालीत असते. पाळी गेल्यावर ते ओसरते, त्या पेशी अनावर होतात, आणि पहिल्या पाच ते सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडांचा २० टक्क्यांपर्यंत अंश नाहीसा होतो. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे, धूम्रपान, अतिमद्यपान, अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा अतिरिक्त स्राव, दीर्घ अंथरुणवास ही कारणेही अशीच हाडांच्या मुळावर येतात.

म्हणजे या ठिकाणी नाक्यावरचा वसूल अपुरा असो वा नसो, खजिन्याच्या पहाऱ्यावरचा अधिकारीच निघून गेलेला असतो. अशा वेळी नाक्यावर आणखी माल ओतला, तर कारभाऱ्याकडून सुटणारे रक्कम काढण्याचे हुकूम काहीसे कमी होतील. परंतु गेलेला पहारा त्याने परत येणार नाही. प्रारंभीच्या कोड्याचे उत्तर बव्हंशी हेच आहे. शेजारच्या ताठ कण्याच्या आजीने तरुणपणी कष्टाची कामे करून साठवलेला भरभक्कम खजिना आणि तिला लाभलेली आनुवंशिकता यांचेही श्रेय त्यात आहेच.

## प्रयोग काय सांगतात

फ्रान्समधील वृद्धाश्रमांत राहणाऱ्या, सरासरी ८४ वर्षे वयाच्या ३,२७० स्त्रियांवर झालेल्या व १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम व ८०० एकके ड जीवनसत्त्व दिले गेले, त्यांच्या खुब्याच्या अस्थिभंगांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४३ टक्क्यांनी कमी भरले. उलट अमेरिकेत ३६,२८२ स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात, १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम व ४०० एकके ड घेऊनही खुब्याच्या अस्थिभंगात निर्णायक घट दिसली नाही. हाडांची घनता सुमारे एका टक्क्याने सरस राहिली, आणि मुतखड्याचे प्रमाण मात्र १७ टक्क्यांनी वाढले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, २५,८७१ स्त्रीपुरुषांवरील अमेरिकन प्रयोगात रोज २,००० एकके ड घेऊनही अस्थिभंग कमी झाले नाहीत.

वरवर पाहता ही उत्तरे परस्परांना छेद देतात. पण प्रयोगांत घेतलेली माणसे कोण होती हे पाहिले, की विसंगती उरत नाही. फ्रान्समधील वृद्धांना ऊन मिळत नव्हते आणि त्यांच्या आहारात कॅल्शियम जेमतेम होते. म्हणजे तूट खरोखरीच होती. अमेरिकेतील मंडळींपैकी बहुतेकांच्या आहारात आणि रक्तात ही द्रव्ये आधीच बऱ्यापैकी होती. भरलेल्या ठिकाणी आणखी भर घालून काही साधले नाही. ज्यांच्या घरी दूध बेताचे, ज्यांचे वावरणे चार भिंतींत आणि ज्यांचे वय उतरणीचे, अशा आपल्याकडील वृद्धांची गणना या दोहोंपैकी पहिल्या गटाशी जवळची ठरते.

## जास्त म्हणजे चांगले नव्हे

ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठलेल्या २,२५६ स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांना ‘एकदाच भरपूर’ या कल्पनेने वर्षातून एकदा ड जीवनसत्त्वाची ५,००,००० एकके देण्यात आली. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की, हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांचे पडणे १५ टक्क्यांनी आणि अस्थिभंग २६ टक्क्यांनी अधिक होते. झुरिकमध्ये पूर्वी एकदा पडलेल्या वृद्धांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही दरमहा ६०,००० एकके घेणारे लोक २४,००० एकके घेणाऱ्यांपेक्षा अधिक संख्येने पडले. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी पुडी किंवा कॅप्सूल नेमकी ६०,००० एककांचीच असते. सिद्ध झालेली उणीव भरून काढण्यासाठी ती आठवड्यातून एकदा, ठराविक मुदतीपर्यंत देण्याचा प्रघात आहे. परंतु मुदत संपल्यावरही स्वतःच्या जबाबदारीवर ती चालू ठेवणे किंवा चुकीने रोज घेणे धोक्याचे आहे. या चुकीमुळे रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, संभ्रम व मूत्रपिंडाची हानी झाल्याची उदाहरणे भारतीय वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत.

याहून उद्बोधक वृत्तान्त फ्लोराइडचा आहे. हे खनिज अस्थिजनक पेशींना चेतवते हे ध्यानात आल्यावर अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनी अस्थिसुषिरता असलेल्या स्त्रियांना ते चार वर्षे दिले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली, पण मणके मोडण्याचे प्रमाण निर्णायकपणे घटले नाही, आणि इतर हाडांचे भंग उलट वाढले. हाड भरले खरे, पण त्याची घडण बिघडली. विहिरीच्या पाण्यातून अतिरिक्त फ्लोराइड पोटात जाणाऱ्या चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांना या खनिजाचे दुष्परिणाम निराळे सांगण्याची गरज नाही. तपासणीच्या कागदावरील घनतेचा आकडा आणि हाडाचे बळ या दोन गोष्टी एकरूप नाहीत, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

## हिशेब मांडून गोळी ठरवावी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी रोज १,००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. वाटीभर दह्यातून १८० च्या आसपास. ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतून साधारण १७५. आणि चमचाभर, १० ग्रॅम बिनसडीच्या तिळांतून १२० च्या वर. एवढ्याने ७०० चा पल्ला गाठला जातो आणि डाळी व भाज्या यांतून आणखी थोडी भर पडते. असा आहार घेणाऱ्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रीची खरी तूट ४०० ते ५०० मिलिग्रॅमची असते, व तेवढीच गोळीने भरावयाची असते. पालकात कॅल्शियम असले तरी ऑक्झॅलेट त्याला बांधून ठेवते व फारच थोडे अंगी लागते, हे येथेच सांगून ठेवावे.

गोळीच्या वेष्टनावरील आकडाही जपून वाचला पाहिजे. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ४० टक्के असते, म्हणजे १,२५० मिलिग्रॅमच्या गोळीतून ५०० मिलिग्रॅम मिळते. सायट्रेटमध्ये ते २१ टक्केच असते. कार्बोनेट विरघळण्यास जठरातील आम्ल लागते, म्हणून ते जेवणासोबत घ्यावे. ज्यांना आम्लपित्तावरील औषधे कायम चालू आहेत त्यांना सायट्रेट अधिक मानवते, आणि ते केव्हाही घेता येते. आतडे एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅल्शियमच चांगले शोषते, म्हणून मोठी मात्रा विभागून घेणे इष्ट.

कॅल्शियम व ड यांच्याखेरीज इतर द्रव्येही हाडांना लागतात. मॅग्नेशियमचा शरीरातील निम्म्याहून अधिक साठा हाडांत असतो आणि त्याच्या तीव्र अभावी परावटू ग्रंथींचे काम मंदावते. क जीवनसत्त्वावाचून कोलॅजेन नीट घडत नाही. के जीवनसत्त्व हाडातील एका प्रथिनाला कॅल्शियम धरून ठेवण्याचे सामर्थ्य देते. परंतु डाळी, तृणधान्ये, पालेभाज्या व फळे यांचा आहार असणाऱ्याला ही द्रव्ये बहुधा अन्नातूनच मिळतात, आणि ती निराळी गोळीरूपाने घेऊन अस्थिभंग टळतात असा भक्कम पुरावा नाही. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असलेल्याने तर के जीवनसत्त्व परस्पर मुळीच घेऊ नये.

## खऱ्या उपचाराला पूरक

अस्थिसुषिरता निश्चित झाल्यावर अस्थिभक्षक पेशींना आवरणारी किंवा अस्थिजनक पेशींना चालना देणारी औषधे वेगळी असतात : आठवड्यातून एकदा घ्यावयाची अॅलेन्ड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून देण्यात येणारे झोलेड्रोनिक अॅसिड, सहा महिन्यांनी टोचावयाचे डेनोसुमॅब, रोज टोचावयाचे टेरिपॅरॅटाइड. ही औषधे सुरू झाली म्हणून कॅल्शियम व ड यांची गरज संपत नाही. उलट ती अधिकच भासते. झोलेड्रोनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब यांनी खजिन्याची दारे बंद झाल्यावर नाक्यावरचा वसूल तुटीचाच राहिला, तर महालाचा खर्च भागणार कशातून? रक्तातील कॅल्शियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणूनच ही इंजेक्शने देण्यापूर्वी ड जीवनसत्त्वाची व कॅल्शियमची उणीव भरून घेण्यात येते. पूरक द्रव्यांचे खरे स्थान हे असे आहे : मुख्य औषधाला काम करता यावे अशी परिस्थिती ती राखतात.

चौकट : थोडक्यात

• आहारातील कॅल्शियमचा अदमास आधी घ्यावा. तूट असेल तेवढीच गोळीने भरावी.
• कार्बोनेट जेवणासोबत, सायट्रेट केव्हाही. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंत.
• थायरॉइडची गोळी व कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीपासूनही कॅल्शियम दूर ठेवावे.
• अॅलेन्ड्रोनेट सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावे. नंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये व काही खाऊ नये. कॅल्शियम त्या दिवशी पुढे केव्हातरी घ्यावे.
• ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची मात्रा डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरतीच घ्यावी.
• मुतखडा, मूत्रपिंडाचा विकार किंवा परावटू ग्रंथींचा दोष असल्यास कोणतीही पूरक गोळी परस्पर सुरू करू नये.

हाडे आणखी एका गोष्टीला प्रतिसाद देतात, आणि ती दुकानात मिळत नाही. भार पडेल तेथे हाड बळावते, भार नाहीसा झाला की ते क्षीण होते. म्हणून चालणे, जिना चढणे, झेपेल तेवढे वजन उचलणे आणि तोल साधण्याचा सराव करणे यांचा उपयोग दुहेरी आहे, कारण त्याने हाडही टिकते आणि पडण्याचा प्रसंगही टळतो. न्हाणीघरात धरावयास कठडा, पायाखाली न सरकणारी चटई, रात्री उठताना पुरेसा दिवा आणि डोळ्यांचा योग्य नंबर यांची तजवीज करण्यास खर्च थोडा लागतो, आणि हाड मोडण्याचे बहुतेक प्रसंग पडण्यातूनच उद्भवत असल्यामुळे ही तजवीज गोळीच्या बरोबरीने, किंबहुना गोळीच्या आधी, केली पाहिजे.